जागा कुणाची होती?

व्यापम परीक्षा घोटाळ्याचे खटले जोरात होते त्या वर्षांत ग्वाल्हेरमधल्या इंदरगंजच्या चौकातून सकाळी अकराच्या सुमाराला जाताना एक दृश्य हमखास दिसायचे. जिल्हा न्यायालय तेव्हा इथेच भरत असे. फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी बाप आणि मुलगा शेजारी उभे. मुलगा विशी-बाविशीतला, मान खाली. बापाच्या हातात कागदांनी फुगलेली पिशवी. बाप मुलाला घेऊन कोर्टात येतो तो एरवी जामिनासाठी. इथे दोघेही आरोपी होते. मुलावर आरोप आपल्या जागी दुसऱ्याला परीक्षेला बसवल्याचा, बापावर त्यासाठी पैसे मोजल्याचा. एकाच गुन्ह्यात बाप-लेकांची नावे एकाखाली एक. मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. नकलेविषयी विद्यार्थ्यांना किती व्याख्याने दिली त्याची गणती नाही. त्या टपरीशी मला पहिल्यांदा कळले की ही व्याख्याने मी चुकीच्या माणसांना देत होतो.

मध्य प्रदेशात वैद्यकीय प्रवेशाची पीएमटी परीक्षा व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे व्यापम, घेत असे. जुलै 2013 मध्ये इंदूरच्या पोलिसांनी दुसऱ्यांच्या नावाने पेपर द्यायला आलेले तोतये पकडले आणि धागा उलगडत गेला. शिपाई भरती, शिक्षक भरती, काही म्हणून सुटले नाही. मंडळाचे अधिकारी तुरुंगात गेले, माजी मंत्र्याला अटक झाली, आरोपींचे आणि साक्षीदारांचे संशयास्पद मृत्यू होऊ लागले. 9 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळी प्रकरणे सीबीआयकडे सोपवली. हे सारे वर्तमानपत्रांतून देशाने वाचले. ग्वाल्हेरने ते घरात पाहिले, कारण 1946 साली सुरू झालेल्या आमच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी यात होते. ज्या महाविद्यालयात मुलगा लागला की शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत पेढे वाटले जायचे, त्याच्या वसतिगृहावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या.

या प्रकरणात ज्यांनी तोंड उघडले त्यांत आमच्या शहराचा एक तरुण होता, आशीष चतुर्वेदी. आईच्या आजारपणात डॉक्टर मंडळींत वावरताना त्याला काही जणांच्या ज्ञानाविषयी शंका आली आणि तो त्या शंकेच्या मागे लागला. पुढे जिवाला धोका म्हणून त्याला पोलीस संरक्षण मिळाले. तो सायकलवर आणि त्याच्या मागे सायकलवर पोलीस शिपाई, हे दृश्य ग्वाल्हेरच्या रस्त्यांनी पाहिले आहे. त्याचे धाडस मोठे आहेच. पण मला त्याच्या शंकेचे मूळ अधिक मोलाचे वाटते. त्याने विचारले ते रुग्णाच्या मुलाच्या नात्याने. माझ्या आईच्या उशाशी उभा असलेला हा माणूस खरोखर शिकलेला आहे का?

नकलेची पद्धत पाहा. या धंद्यात तिला इंजिन-बोगी म्हणत. पैसे घेऊन बाहेरून आणलेला हुशार विद्यार्थी, ज्याला इकडे सॉल्वर किंवा स्कोरर म्हणतात, तो इंजिन. पैसे देणारा उमेदवार ही बोगी. मंडळाच्या संगणकावरच आसनक्रमांक असे लावायचे की बोगी इंजिनाच्या मागे यावी. मग चौकशीत हे उघडे कसे पडले? बरोबर उत्तरे जुळली म्हणून कुणी दोषी ठरत नाही. ती सगळ्यांचीच जुळतात. इथे लागोपाठच्या क्रमांकांची चुकीची उत्तरे जुळली. एकाने जिथे चूक केली तिथेच, तीच चूक दुसऱ्याने केली. माणूस स्वतःच्या बुद्धीने चुकतो तेव्हा त्या चुकीवरही त्याचा ठसा असतो. या मुलांपाशी स्वतःची चूकसुद्धा नव्हती. शिक्षक म्हणून मला यापेक्षा दुःखाची गोष्ट सांगता येणार नाही.

2008 ते 2012 या वर्षांतल्या अशा 634 विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मे 2016 मध्ये दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे म्हणणे असे की आता ही मुले शिकली आहेत, ते ज्ञान वाया का घालवायचे? त्यांनी पाच वर्षे नियमित पगाराविना देशाची सेवा करावी. न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांना प्रवेश रद्द करणेच योग्य वाटले. प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेले आणि 13 फेब्रुवारी 2017 रोजी निकाल लागला. सवलत नाही. प्रवेश रद्द.

त्या दिवशी आमच्या ओळखीच्या घरांत हळहळ होती. पाच-सात वर्षांचे शिक्षण पाण्यात गेले, पोरांनी आता करायचे काय, असे सगळे म्हणत होते. हळहळ खोटी नव्हती. अठरा वर्षांच्या मुलाला आई-बापांनीच दलालाच्या दारात नेले असेल तर त्याच्या वाट्याचा दोष किती, हा प्रश्न मलाही छळतो. तरीही मी त्या निकालाच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण कोर्टाच्या कागदांत नाही, आमच्या गल्लीत आहे.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. वडील खाजगी दुकानात हिशेबनीस, दोन खोल्यांचे घर, पहाटे चारला त्याच्या खिडकीत दिवा दिसायचा. त्याच वर्षांत तो तीनदा पीएमटीला बसला आणि तिन्ही वेळा थोडक्यात राहिला. तिसऱ्या निकालानंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘सर, माझ्यातच कमी आहे. बाबांचे पैसे आणखी नाही घालवत.’’ मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, देवाची मर्जी असे काहीतरी बोललो. आज तो औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे काम करतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरची औषधे खोक्यांत भरतो.

634 जागा पैशाने गेल्या म्हणजे 634 जागा कुणाच्या तरी हक्काच्या होत्या. त्यांतली एक या मुलाची होती का? कुणालाच सांगता येणार नाही. त्यालाही नाही. चोरी झाली तर ज्याचे गेले त्याला निदान कळते; तो ठाण्यात जातो, तक्रार करतो, शिव्याशाप देतो. नकलेत ज्याचे लुटले जाते त्याला आपण लुटलो गेलो हेच कळत नाही. तो घरी जाऊन म्हणतो, माझ्यातच कमी आहे. आणि आयुष्यभर तसेच मानून जगतो. न्यायालय पदवी काढून घेऊ शकले. त्या मुलाच्या मनात बसलेले ते वाक्य कोणते न्यायालय काढणार?

म्हणून ‘नकलेने नुकसान होते ते नक्कल करणाऱ्याचेच’ हे आपण मुलांना सांगतो ते मला अपुरे वाटते, घातकही वाटते. हुशार मुलगा मनात म्हणतो, माझे नुकसान मी सोसीन. त्याला सांगायला हवे की तू ज्याच्या ताटातले घेतोस तो तुझ्याच वर्गात, दोन बाकांपलीकडे बसला आहे.

आता माझ्याविषयी. सेवेत असताना एका वार्षिक परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. खिडकीजवळच्या मुलाच्या पॅडखाली फर्रा दिसला. आमच्याकडे नकलेच्या चिठ्ठीला फर्रा म्हणतात. मुलगा ओळखीचा, त्याच्या वडिलांशी घरोबा. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, ‘‘सर, पोराचं शेवटचं वर्ष आहे, जरा सांभाळून घ्या.’’ मी खिडकीपर्यंत गेलो, बाहेर पाहिले आणि परत फिरलो. फर्रा तिथेच राहिला. मला एक पैसा मिळाला नाही. मिळाली ती शेजाऱ्याची मर्जी. भल्या माणसांच्या याच भिडेवर हा धंदा वाढतो. दलाल फार उशिरा येतो. त्याच्या आधी दहा वर्षे माझ्यासारखे मास्तर खिडकीबाहेर पाहत असतात. शाळेत निबंध आईने लिहिलेला असतो, विज्ञानाचे मॉडेल बाजारातून आणलेले असते, प्रयोगवहीतली निरीक्षणे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेली असतात आणि खाली माझी सही असते. भिंड-मुरेन्यात शाळेच्या भिंतींवर चढून फर्रे पोचवणाऱ्यांना आपण हसलो. भिंत चढणारा काका आणि प्रकल्प विकत आणणारी आई यांच्यात अंतर आहे ते भिंतीच्या उंचीइतकेच.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले, सगळेच करतात. ते खोटे आहे. पहाटे चारला दिवा लावणारी मुले प्रत्येक गल्लीत आहेत आणि ‘सगळे’ हा शब्द उच्चारताच आपण त्यांना हिशेबातून पुसून टाकतो. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. ते म्हणते, संस्थाच सडल्या असताना एकट्या विद्यार्थ्याने हरिश्चंद्र का व्हावे? हे मी झटकून टाकणार नाही. आमच्याच जिवाजी विद्यापीठाचे पाहा. मुरेना जिल्ह्यातल्या झुंडपुरा गावात एक महाविद्यालय कागदावरच चालत असल्याच्या तक्रारीवरून जानेवारी 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोपींत तपासणीला गेलेले प्राध्यापक होते आणि विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरूही होते. पुढच्याच महिन्यात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. पण विद्यार्थ्याने कुणाकडे बघून शिकायचे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा प्रकार मध्य प्रदेशचा म्हणून बाजूला ठेवू नये. डिसेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच पुण्यात अटक झाली आणि पुढच्या वर्षी 7800हून अधिक उमेदवारांवर बंदी आली. ते उद्या कुणाच्या मुलांना पाटीवर अ आ गिरवायला शिकवणार होते?

वरचे सडले आहे हे खरे. पण त्या वरच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे आकाशातून पडलेली नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी तीही कुठल्यातरी वर्गात बसली होती आणि कुणीतरी पर्यवेक्षक तेव्हा खिडकीबाहेर पाहत होता.

कायद्याकडूनही फार आशा धरू नये. मध्य प्रदेशात परीक्षांविषयीचा कायदा 1937 पासून आहे. व्यापमच्या गुन्ह्यांत त्याची कलमे लागली. महाराष्ट्राचा 1982 पासून आहे. 2024 साली केंद्राचा कायदा आला, संघटित टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड. त्यात परीक्षार्थीला मात्र शिक्षेच्या बाहेर ठेवले आहे. मला ते योग्य वाटते. पण त्याचा अर्थ असा की मुलाला सांभाळायचे काम कायद्याने घरावर आणि शिक्षकावर सोडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये प्रबंधातल्या उसनवारीचे नियम केले, टक्केवारी ठरवली. लगेच बाजारात शब्द फिरवून टक्केवारी खाली आणून देणारे कारागीर निघाले. आता तर प्रश्न विचारताच यंत्र सबंध निबंध लिहून देते, आणि त्यातले एक वाक्यही कुठून उचललेले सापडत नाही. टक्के मोजून प्रामाणिकपणा तपासण्याचे दिवस संपले. विद्यार्थ्याला समोर बसवून ‘‘हे तू का लिहिलंस ते सांग’’ असे विचारण्याला पर्याय उरलेला नाही.

हे विचारणे ग्वाल्हेरला नवे नाही. इथे 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी गांधर्व विद्यालय काढले, 1918 साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. तिथे राग शिकवला की गुरुजी समोर बसून गायला लावत. गळ्यात नसलेला सूर दुसऱ्याच्या गळ्यातून आणता येत नाही. तंबोरा लागला की दोन मिनिटांत कळते, रियाज झाला आहे की नाही. ज्या शहराच्या गायकीने देशाला गुरूपुढे बसून शिकण्याची शिस्त दिली, त्या शहराने मुलाच्या जागी सॉल्वर बसवावा, ही लाज मला सोडत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते शिक्षकांना आणि आई-बापांना. शिक्षकांनो, प्रकल्पावर सही करण्याआधी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे समोर बसवा. साठ मुलांचे पाच तास होतात. आपला पगार त्याच पाच तासांचा आहे. परीक्षेत फर्रा दिसला तर उचला, मुलगा कुणाचाही असो. त्या घरचे आमंत्रण बंद होईल. होऊ द्या. आई-बापांनो, मुलाला कमी गुण पडले तर त्या गुणांसकट त्याला घरात घ्या. पन्नास टक्क्यांचा खरा मुलगा ज्या घरात मावत नाही, तेच घर पुढे दलालाचा पत्ता शोधते. आणि कुणी ओळखीचा हळूच म्हणाला की अमुक लाखांत जागा होईल, तर त्याला एवढेच विचारा की ती जागा आज कुणाची आहे.

मी त्या हिशेबनिसाच्या मुलाला मागच्या महिन्यात घरी बोलावले. ‘‘तुझ्यात कमी होतं असं मी तेव्हा मुकाट ऐकून घेतलं, ती माझी चूक होती,’’ असे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘सर, हे बाबांना ऐकायला मिळायला हवं होतं.’’ त्याच्या वडिलांना जाऊन चार वर्षे झाली आहेत.