जवळ काय ठेवायचं?

कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाला एसएसडीच हवी, हायब्रिड ड्राइव्ह नको, असं माझं ठाम मत आहे. वेगासाठी नव्हे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला जेमतेम १४४ किलोबाइट घेतो. पखवाज, टाळ, पेटी, बुवांचा आवाज असे १६ ट्रॅक धरले तरी सव्वादोन मेगाबाइटच्या थोडं वर. फिरती तबकडीही ते सहज पेलते.

हायब्रिडमध्ये तबकडीच्या जोडीला थोडी फ्लॅश मेमरी असते, बऱ्याचदा ८ जीबी. जे वारंवार वाचलं जातं ते तिच्यात, बाकी सगळं तबकडीवर. म्हणजे मोल ठरवतात ती आवर्तनं. नामस्मरणाची वाटही आवर्तनाचीच ना? हो, पण जपात नाम आधी निवडलेलं असतं, सवय मागून येते. ड्राइव्हला फक्त सवय कळते. बुवांना एकदाच साधलेली, पुन्हा न आलेली तान तिच्या लेखी दूरचीच. साधकाने सवयीला निवडीचा मान देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय अभंग संपून टाळ थांबतात, तानपुऱ्याची आस तेवढी उरते. तिच्यात मोटारीची गुणगुण मिसळलेली मला सहन होत नाही.

एसएसडीही अक्षय नाही. विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर पेशींतला विद्युतभार झिरपतो. म्हणून जुनी मुद्रणं मी साध्या हार्ड डिस्कवर ठेवतो, दोन प्रती: एक माझ्याकडे, एक बुवांच्या घरी. आषाढीआधी दोन्ही उघडून ऐकतो.