पेंद्याचा काला

सज्जनहो, काल्याचे कीर्तन म्हटले की पेंद्या आलाच. पाय अधू, बोल बोबडे. आम्ही कीर्तनकार त्याचे लंगडणे करून दाखवतो आणि हशा पिकवतो. मीही पुष्कळ वर्षे पिकवला. एकदा पुढच्या रांगेत कुबडी मांडीवर घेऊन एक पोरगा बसला होता. सगळा मंडप हसला, तो हसला नाही. त्या दिवसापासून ती नक्कल मी सोडली.

अहो, पेंद्या तिथे गडी होता, करमणूक नव्हे! 'सखा' शब्दाच्या व्युत्पत्तीतच 'समान' आहे.

आता आपल्या मुलांच्या बागा पाहा. दाराशी पायरी, आत भुसभुशीत वाळू. चाकाची खुर्ची तिथेच रुतते. पायरीऐवजी उतार करावा. फूटभर चढाला बारा फूट लांबी दिली, तर पोर आपल्या हातांनी वर येते. झोपाळ्याला पाठ नि पट्टा, खुर्ची खाली शिरेल असा वाळूचा उंच ओटा, आंधळ्या लेकराच्या हाताला लागेल अशी घंटा, गोंगाटाला भिणाऱ्यासाठी झाडाखाली निवांत कोपरा. पण हे वेगळ्या कुंपणात नको हं! ताट वेगळे मांडले तर काला कसला? अशा मुलांनी इतरांच्या बरोबरीने खेळावे, हे राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारातही आहे, आणि २००७ साली आपल्या देशाने तो मान्य केला.

आमच्या देवळाच्या आवारात झोपाळे बांधायचे चालले आहे. विश्वस्तांना मी एवढेच म्हटले, आधी फाटक मोजा. तीन फूट तरी रुंद हवे.