मुक्या जिवाची अमानत

परळमध्ये दोन जुन्या वास्तू आहेत. एक हाफकिन संस्था. १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये सुरू झालेली प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा. दुसरी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय. एकीकडे माणसाचा जीव वाचविण्यासाठी प्राणी वापरले गेले, दुसरीकडे प्राण्यांचेच जीव वाचविले जातात. प्रिय वाचकहो, या दोन दारांच्या मधोमध उभे राहून एका प्रश्नाचा विचार करू या.

मार्मोसेट हे मूळचे ब्राझीलचे इवलेसे माकड. वजन जेमतेम तीन-चारशे ग्रॅम. जगातील काही प्रयोगशाळांत त्याच्या मेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवून पेशींचे विद्युत्-संदेश टिपले जातात. शस्त्रक्रिया भूल देऊन होते. नोंद मात्र ते जागे असतानाच घ्यावी लागते, कारण भुलीच्या अमलाखाली पाहणे, आठवणे, निर्णय घेणे हे मेंदूचे व्यापार नेहमीसारखे चालत नाहीत. अनेकदा त्याचे डोके जखडले जाते. काही प्रयोगांत काम करवून घेण्यासाठी अन्न-पाणीही मोजून दिले जाते.

हे सारे व्यर्थ आहे, असे म्हणता येणार नाही. मेंदूच्या खोल भागातील एका लहानशा केंद्राचे कार्य थांबविल्यास कंपवाताची लक्षणे कमी होतात, हे १९९० साली माकडांवरील संशोधनातून दिसून आले. त्या ज्ञानाचा आधार असलेली शस्त्रक्रिया आज मुंबईतील रुग्णांवरही होते. ज्या वडिलांचा थरथरणारा हात तिच्यामुळे पुन्हा चहाचा पेला धरू लागला, त्यांच्या मुलांना हा प्रश्न सोपा वाटणार नाही.

अडचण अशी की, माकड उपयोगी ठरते ते आपल्यासारखे आहे म्हणून. आणि ते आपल्यासारखे आहे म्हणूनच त्याच्या भीतीकडे डोळेझाक करता येत नाही.

जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे दिव्य कुरआनने (६:३८) सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीची हकीकत सांगितली, मांजरीला कोंडून ठेवल्यामुळे ती शिक्षेस पात्र ठरली. तिने मांजरीला ना खाऊ घातले, ना स्वतः शोधून खाण्यासाठी मोकळे सोडले. बांधलेला जीव आपली भूक-तहान स्वतः भागवू शकत नाही. म्हणून दोर ज्याच्या हाती, हिशेब त्याच्या माथी. जिबह करतानाही सुरी धारदार असावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही त्यांचीच शिकवण. म्हणजे प्राण घेण्याची परवानगी असली तरी निष्कारण वेदना देण्याची नाही.

कोणी म्हणेल, सृष्टी माणसाच्या सेवेत दिली आहे. खरे आहे; पण ती अमानत म्हणून दिली आहे, मालकी अल्लाहचीच आहे. दुसरा म्हणेल, मांस खाणाऱ्यांनी माकडासाठी का हळहळावे? याचे उत्तर फिकहच्या नियमात आहे: निकड निषिद्धालाही मुभा देते, पण ती मुभा निकडीच्या मापाएवढीच असते. म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा प्रयोग खरोखर दुःखनिवारणासाठी आहे की केवळ नावलौकिकासाठी? दुसरा मार्ग आहे काय? टाळता येण्याजोगी प्रत्येक वेदना टाळली आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर मुभा तेथेच संपते. शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, हे आपल्या देशाचा १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो. परंतु कायदा कागद तपासतो. बंद दाराआड तक्वाच पहारा देतो.

हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ते त्यांनी स्वेच्छेने केले होते. माकडाला होकारही देता येत नाही, नकारही देता येत नाही. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या वतीने विचार करणे हे बलवानाचे कर्तव्य आहे.

तुमची मुले उद्या प्रयोगशाळेत जातील. त्यांनी जरूर जावे, ज्ञान मिळवावे. मात्र त्याआधी घरातला धडा पक्का होऊ द्या. पिंजऱ्यातील पोपटाची वाटी, ईदच्या आधी चाळीच्या आवारात बांधलेल्या बकऱ्याची सावली आणि पाणी हे त्यांच्या हाती सोपवा. आज तो लहानसा दोर जबाबदारीने धरणारा हात उद्या मोठा दोर धरतानाही अल्लाहला भिईल.