थांबणे आणि टाळणे

मराठी भाषेत 'गाठ' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. लग्नाची गाठ असते, मनाशी खूणगाठ बांधली जाते, जुन्या मित्राची बाजारात अवचित गाठ पडते आणि गाठीला चार पैसे असले की माणूस निर्धास्त होतो. मात्र हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की घरातील सर्वांचे चेहरे उतरतात. गाठीच्या आधी 'साधी' असे विशेषण त्यांनी जोडलेले असले तरी ते कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अशी एक साधी गाठ आमच्या वाट्याला आली आहे. ती उजव्या कानाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या वाटेवर आहे आणि तिचा आकार आठ मिलिमीटर, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे. तिला 'अकूस्टिक न्यूरोमा' म्हणतात. 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हे तिचे दुसरे नाव अधिक अचूक होय. कारण तिची उत्पत्ती ऐकण्याच्या मज्जातंतूत होत नसून, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूभोवतीच्या आवरणातील पेशींत होते. हे दोन्ही तंतू हाडातील एका अरुंद नळीतून शेजारी शेजारी जातात आणि चेहऱ्याच्या हालचालींचा तंतूही त्याच नळीतून जातो. अशा दाटीच्या जागी बारीकशा दाण्यानेही शेजाऱ्यांची कुचंबणा होते. हा कर्करोग नव्हे. वर्षाला लाखात एखाद-दोन माणसांमध्येच ही गाठ आढळते.

आमच्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबा कुंभारांचे गाव. गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन जमलेल्या संतांची मस्तके एकेक करून ठोकून पाहिली आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. डोळ्यांना न दिसणारे वैगुण्य नादावरून ओळखण्याची ती रीत आहे. कानाची तपासणीही पुष्कळशी तशीच असते. बंद खोलीत निरनिराळ्या पट्ट्यांचे बारीक आवाज ऐकवतात आणि कोणत्या कानाने किती टिपले याचा आलेख काढतात. दोन कानांच्या आलेखांत बरीच तफावत दिसली आणि तिचे दुसरे कारण सापडले नाही, तर एम.आर.आय. करण्यास सांगतात. त्यासाठी आम्हांस सोलापूर गाठावे लागले.

ही गाठ घेऊन जगणे म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. उजव्या कानात एक बारीक, उंच स्वर अष्टौप्रहर चालू असतो. जुन्या रेडिओची खुंटी फिरवताना दोन केंद्रांच्या मध्ये लागे तसा तो असतो. टेलिफोन उजव्या कानाला लावल्यास शब्द येतात, पण त्यांचे अर्थ लागत नाहीत. कोणी हाक मारली तर हाक ऐकू येते, ती कोणत्या दिशेने आली ते कळत नाही. कारण दिशा ओळखण्यासाठी दोन्ही कानांची साक्ष लागते. दिवसा चालताना फारसे जाणवत नाही. रात्री वीज गेली की पाऊल अडखळते. माणसाचा तोल अंतःकर्ण, डोळे आणि पायांना होणारा जमिनीचा स्पर्श या तिघांवर उभा असतो. त्यांपैकी एक दुबळा झाला आणि अंधाराने दुसरा हिरावून घेतला की सगळा भार तिसऱ्यावर येतो. म्हणून रात्रीचा लहान दिवा आणि हाताशी काठी या आता आमच्या आवश्यक वस्तू झाल्या आहेत.

धर्मगुरूच्या कामात याला आणखी एक पैलू आहे. प्रायश्चित्त संस्कारासाठी येणारी माणसे हलक्या आवाजात बोलतात, आणि त्यांनी तसेच बोलावे हे योग्य आहे. त्यांना 'मोठ्याने बोला' असे म्हणणे म्हणजे त्यांचे गुपित चव्हाट्यावर मांडण्यासारखे आहे. म्हणून आता आम्ही मंदिरातील कोपऱ्याऐवजी दार लावलेल्या खोलीत बसतो आणि समोरच्याची खुर्ची आमच्या डाव्या हाताला ठेवतो.

तपासणी झाली, नाव कळले. मग उपचार कोणता? या प्रश्नाला डॉक्टरांनी दिलेले उत्तर असे : "आज काहीही करायचे नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एम.आर.आय. करू आणि पाहू."

या उत्तराने आमच्या धर्मग्रामात दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, "फादर, डोक्यात गाठ ठेवून माणसाला झोप कशी लागेल? उद्याच पुण्या-मुंबईला जाऊन काढून टाका." दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, "फादर, डॉक्टरच काही करू नका म्हणतात, तर पुन्हा तपासण्या कशाला? देवावर हवाला ठेवा आणि विसरून जा." दोघांच्याही बोलण्यात माया होती. वरवर पाहता ही मते परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. परंतु थोडा विचार केला असता असे दिसते की, ती दोन्ही एकाच गोष्टीला कंटाळलेली आहेत. अनिश्चिततेत राहणे दोघांनाही नकोसे आहे. एकाला ती कापून संपवायची आहे, तर दुसऱ्याला ती विसरून. म्हणजे घाई आणि हलगर्जी या सख्ख्या बहिणी ठरतात. मग खरा नैतिक प्रश्न उरतो तो असा : या दोघींपासून वेगळे असे वाट पाहणे असते काय? असल्यास ते कसे ओळखावे?

या व्याधीचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. १८९५ साली एडिंबरो येथे थॉमस अॅनंडेल यांनी अशी गाठ काढली आणि रुग्ण स्त्री वाचली. तथापि असे यश विरळा होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेतून उठणारे रुग्ण थोडे आणि दगावणारेच अधिक असत. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांनी मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले, ते गाठ समूळ उपटण्याचा हट्ट सोडून. गाठ आतून पोखरायची आणि तिचे कवच तसेच राहू द्यायचे, ही त्यांची रीत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली होणाऱ्या शस्त्रक्रिया आल्या. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी १९६८ साली किरणांचा सूक्ष्म मारा करणारे 'गॅमा नाइफ' हे यंत्र प्रत्यक्षात आणले आणि १९९७ साली ते मुंबई व दिल्ली येथेही सुरू झाले. पण सर्वांत मोठा बदल घडवला तो एम.आर.आय.ने. पूर्वी दाण्याएवढी गाठ दिसतच नसे. एका कानाने कमी ऐकणारे आजोबा तसेच वृद्ध होत आणि त्यांच्या व्याधीचे नाव त्यांच्याबरोबरच जाई. आता मात्र गरज पडण्याच्या कितीतरी आधी ज्ञान येऊन दाराशी बसते. रोगी म्हणावे तर अंथरूण धरलेले नाही, निरोगी म्हणावे तर कागद वेगळेच सांगतो, अशी माणसांची एक नवी अवस्था या यंत्राने निर्माण केली आहे.

मग या माणसांनी काय करावे? डेन्मार्कमधील डॉक्टरांनी ५५२ रुग्णांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची गाठ हाडातील नळीच्या आतच होती, अशांपैकी केवळ १७ टक्क्यांची गाठ वाढली. नळीबाहेर आलेल्यांत हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. नॉर्वेमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि नव्यानेच सापडलेल्या गाठी असलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला लगेच किरणोपचार दिले, दुसऱ्यावर केवळ लक्ष ठेवले. चार वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्यांच्या गाठी आकसल्या, हे खरे. परंतु श्रवण, तोल आणि एकंदर जीवनमान यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या चार वर्षांत उपचार लागलेच नाहीत. मात्र उरलेल्यांना ते लागले, हेही तितकेच खरे. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गाठ काढली किंवा आकसली म्हणजे कानातला स्वर थांबेलच असे नाही आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. उपचार हे बहुधा पुढचे नुकसान रोखण्यासाठी असतात.

धाराशिवच्या शेतकऱ्याला हा विचार नवा वाटणार नाही. मृगाचे चार शिंतोडे पडताच ज्याने घाईने चाड्यावर मूठ धरली, त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते आणि बियाणे, खत, मजुरी सारे मातीत जाते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे कृषितज्ज्ञ दरवर्षी सांगत असतात. पण जो शेतकरी थांबतो, तो खाटेवर पडून थांबत नाही. तो वखराच्या पाळ्या घालून ठेवतो, बियाण्याची उगवण तपासतो, माती मुठीत घेऊन ओल पाहतो आणि वाफसा आला की एक दिवसही दवडत नाही. त्याचा शेजारीही त्याच दिवसांत पेरत नाही, पण त्याने वखरही बाहेर काढलेला नसतो. रस्त्याने जाणाऱ्याला दोघांची रिकामी शेते सारखीच दिसतात. एक थांबलेला आहे, दुसरा टाळतो आहे.

या दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी आम्हांस अशी वाटते. थांबणाऱ्याला पुढची तारीख ठाऊक असते; टाळणाऱ्याला ती 'बघू पुढे' एवढीच ठाऊक असते. कोणती गोष्ट घडली म्हणजे आपण निर्णय बदलू, हे थांबणाऱ्याने आधीच ठरवलेले असते : गाठ अमुक इतकी वाढली, ऐकणे एकाएकी खालावले, चेहरा बधिर झाला, तर वाट पाहणे तेथेच संपले. आणि थांबणाऱ्याने हे सारे निदान एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगितलेले असते. टाळणारा बहुधा कागद ट्रंकेच्या तळाशी ठेवतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. शस्त्रक्रियेच्या भीतीलाच आपण विवेकाचे सोवळे नेसवत नाही ना? भीती असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कवटी उघडण्याच्या कल्पनेने कोण घाबरत नाही? परंतु भीती वाटते म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. ज्या दिवशी भीती आपल्याला तारीख पुढे ढकलायला लावेल, त्या दिवशी तो चुकला असे समजावे. ख्रिस्तसभेची नैतिक शिकवणही येथे दिशा दाखवते. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली वैद्यकतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, आरोग्य राखण्यासाठी साधारण उपायांचा अवलंब करणे हे माणसाचे कर्तव्य आहे; स्वतःवर वा इतरांवर असाधारण भार टाकणारे उपाय योजण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्या कसोटीने पाहता, ठरल्या दिवशी तपासणीला जाणे हा आमच्यासाठी साधारण उपाय आहे. त्यातून सूट मागण्यास श्रद्धेचा आधार घेता येणार नाही.

राहता राहिला तो कानातला स्वर. पूर्वी पहाटेच्या प्रार्थनेला शांतता मिळे. आता ती मिळत नाही. या स्वराचा स्वभाव असा की, त्याच्याशी भांडावे तितका तो चढतो. मेंदू ज्याला धोका समजतो त्याच्याकडे पुनःपुन्हा वळतो, आणि ज्याला निरुपद्रवी ठरवतो ते हळूहळू मागे सारतो. म्हणून रात्री पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवण्यास सांगतात, म्हणजे तो स्वर एकटा राहत नाही. संत पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी लिहिले आहे. तो काटा कोणता, यावर पंडितांचे आजही एकमत नाही. त्याने तो निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही, आणि तो आपल्या कामाला लागला, एवढे निश्चित. शांतता असेल तरच प्रार्थना होईल, ही अट आम्हीही आता घालत नाही.

शेवटी चार शब्द कुटुंबांसाठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतर कित्येक महिने येथील माणसे घर शाबूत असूनही उघड्यावर झोपत. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही, कारण जमीन सर्वांच्याच पायाखाली हलली होती. कानात ही गाठ असलेल्याच्या पायाखालची जमीन मात्र त्याच्या एकट्यासाठीच हलते. पट्टी नाही, ताप नाही, खोकला नाही, मग घरची माणसे म्हणतात, "हाक मारली तर लक्षच देत नाहीत." आपल्या घरांत असे न दिसणारे दुखणे घेऊन वावरणारे कोणी ना कोणी असते. कोणाला ही गाठ असेल, कोणाला दुसरे काही. त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसावे, समोर येऊन बोलावे, रात्री ओसरीवरचा दिवा विझवू नये आणि तो सांगतो त्यावर पुराव्यावाचून विश्वास ठेवावा. तपासणीच्या दिवशी कोणी तरी त्याच्याबरोबर जावे. एस.टी.च्या खिडकीशी बसून तो फारसे बोलणार नाही. सोबतच्याने त्याच्या ऐकत्या कानाच्या बाजूला बसले म्हणजे झाले.