शपथ आणि अभ्यास



श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन भगवंतांपाशी एक प्रांजळ कबुली देतो. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे आपणांस दुष्कर वाटते, असे तो म्हणतो. भगवंत त्याला दूषण देत नाहीत. मनाचा निग्रह कठीण आहे हे मान्य करून ते अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे एकदाच केलेला निश्चय नव्हे. नित्य, पुनःपुन्हा केलेला प्रयत्न होय.

या बोधाचे आज स्मरण करण्यास कारण आहे. खानदेशातून व अन्य प्रांतांतून आलेली आपली कुटुंबे तापीकाठच्या या सुरत नगरीत मागांवर, कारखान्यांत व कचेऱ्यांत राबत आली आहेत. १९६० साली गुजरात राज्य स्थापन झाले, तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. तरीही हे व्यसन आपल्या घरांत शिरलेच नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? कायद्याचे भय व लोकलज्जा यांमुळे ते दाराआड दडते इतकेच. आणि दडलेल्या रोगावर उपचार होत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एका गृहस्थांकडून आम्ही देवापुढे शपथ घेवविली. पंधरवड्यात ती मोडली. आम्ही तोंड फिरविले, आणि त्यांच्या पत्नीने लाजेने मंदिराची पायरी सोडली. शपथ त्यांनी मोडली खरी, परंतु त्या घराला एकटे टाकून आम्हीही धर्म मोडला, याची खंत आम्हांस आहे.

आमचे चुकले कोठे, हे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्यावरून उमगते. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्याचा हात पुढे केला, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्यास हे केंद्र उभे केले. तेथे व्यसनी मनुष्यास पापी न मानता रुग्ण मानतात. सुमारे पाच आठवडे तो तेथेच राहतो. आरंभी वैद्यकीय उपचार होतात. कारण फार काळ मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास कंप, झटके व भ्रम संभवतात, प्रसंगी प्राणावरही बेतते. त्यानंतर व्यायाम, योगासने, श्रम, समुपदेशन, आणि समदुःखी मंडळींत बसून आपली गोष्ट खरेपणाने सांगणे, असा क्रम चालतो. व्यसनातून बाहेर पडलेलेच कित्येक जण तेथे नवागतांचा हात धरतात. कुटुंबीयांचेही प्रबोधन होते, कारण घर सावरल्यावाचून माणूस सावरत नाही.

गीतेतील अभ्यास तो हाच! केवळ आजच्या दिवसापुरते दूर राहावे आणि उद्या पुन्हा तोच निश्चय करावा. पाय घसरला तर साधना संपली असे न मानता पुन्हा उठावे. योगमार्गातून ढळलेल्याचाही नाश होत नाही, हे आश्वासन भगवंतांनी त्याच अध्यायात दिले आहे.

तेव्हा आमची कुटुंबप्रमुखांस हात जोडून विनंती आहे. घरात असे संकट असेल तर ते लपवू नका. केवळ शपथेवर विसंबू नका. प्रथम वैद्याचा सल्ला घ्या. माताभगिनींनो, हा दोष तुमचा नव्हे. मंदिराचे दार तुम्हांस सदैव उघडे आहे. आणि उपचार घेऊन परतलेला बंधू आरतीस आला तर त्याच्याकडे टकमक पाहू नका, कानगोष्टी करू नका. त्याच्या हाती टाळ द्या, प्रसाद वाटण्याचे काम द्या. घरी परतल्यावरच त्याची खरी कसोटी लागते, आणि त्या कसोटीत त्याच्याबरोबर आपणही असतो.

पतितपावन हे ज्याचे ब्रीद, त्याच्या दारी कोणी परका नसावा, हीच प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥