पोस्टला पोच हवी

पावसाळ्यात मुंबई महापालिका आपल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांवरून रोज भरती-ओहोटीच्या वेळा कळवते. भरती किती वाजता, किती मीटरची, शहरात पाऊस किती झाला, पूर्व उपनगरांत किती, पश्चिम उपनगरांत किती. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आला की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही आणि सखल भाग तुंबतो. त्यामुळे परळ-दादरकडे निघालेल्या नोकरदाराला हा आकडा खरोखर उपयोगाचा असतो. गोराईच्या कोळ्याला मात्र भरती कळायला मोबाइल लागत नाही, तो तिथीवरून पाण्याचा हिशेब मांडतो. त्याला महापालिकेकडून कळायला हवं ते वेगळंच आहे. आज नळाला पाणी का आलं नाही? दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार? मागच्या महिन्यात दिलेल्या अर्जाचं काय झालं? सरकारी कार्यालयांनी समाजमाध्यमं कशासाठी वापरावीत, हा प्रश्न मला या फरकापाशी सुरू होतो. कार्यालयाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते आता फार चांगलं सांगितलं जातं. विचारलेल्याचं उत्तर देणं हे त्याहून निराळं काम आहे.

गोराई गाव मुंबईतच मोडतं, पण खाडीच्या पलीकडे. बोरिवलीच्या बाजूच्या जेट्टीवरून बोटीने जायचं, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा घ्यायचा. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची ही जुनी गावठाणं धारावी बेटावर आहेत. माहीमजवळची धारावी वेगळी. गाव महापालिकेच्या आर-मध्य विभागात येतं आणि विभागाचं कार्यालय बोरिवलीत आहे. पाण्याची तक्रार द्यायची तर बोट, पुढे बस किंवा रिक्षा, मग खिडकी, आणि तिथे ‘साहेब साइटवर गेलेत’ हे उत्तर. मासळी विकणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला. २०१९ मध्ये महापालिकेच्या विभागांना ट्विटरवर स्वतंत्र खाती मिळाली, ती अशा गावासाठी मोठीच गोष्ट होती. आजीच्या वतीने नात गटाराचा फोटो काढते, विभागाला टॅग करते आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. त्यानंतर ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, मुंबईत नगरसेवकच नव्हते. ज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तो माणूसच नाही म्हटल्यावर या खात्यांवर किती भार पडला असेल याची कल्पना करता येते. या सोयीला मी कमी लेखणार नाही.

पण आलेलं उत्तर वाचा. ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.’ कोणत्या क्रमांकाने? कोणाच्या टेबलावर? किती दिवसांत काय होणार? बोट पकडून बोरिवलीला गेलेल्या बाईच्या हातात संध्याकाळी निदान एक कागद असायचा. अर्जाच्या तिच्या प्रतीवर लिपिकाने मारलेला शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ती पोच म्हणजे तिची ताकद होती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ती विचारू शकत होती की अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि ३० दिवसांत कार्यालयाला उत्तर देणं भाग होतं. न दिल्यास अपील होतं. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत लावली आणि मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. हे सारे हक्क नोंद झालेल्या अर्जाला धरून उभे आहेत. नातीच्या पोस्टला क्रमांकच नसेल तर पुढच्या पायऱ्याच तुटतात. दिवस वाचला खरा, पण हक्क मागे राहिला.

हा किरकोळ कागदी मुद्दा नाही, हे गोराईकरांना सांगावं लागत नाही. पर्यटनासाठी इथे विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला तेव्हा शेती आणि मासेमारी हातची जाईल म्हणून गावांनी विरोध केला. जमिनीच्या लढाईत काय मोजलं जातं, हे अशा गावांना नेमकं ठाऊक असतं. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की नगररचना कायदा लोकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी ठरावीक मुदत देतो. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो नव्याने करायला सांगावं लागलं. त्यामागे माध्यमांतला गदारोळ होता, तसा हरकतींचा ढीगही होता. उद्या एखाद्या मसुद्याखाली लोकांनी दहा हजार प्रतिक्रिया लिहिल्या आणि मुदतीत एकही लेखी हरकत दिली नाही, तर सुनावणीच्या टेबलावर काहीच नसेल. सरकार समाजमाध्यमांवर आलं म्हणून आपलं म्हणणं सरकारदरबारी पोचलं, हा समज घातक आहे, आणि तो पसरू देण्यात कार्यालयांची सोय असते.

दुसरी गोष्ट फोटोची. रस्त्यातला खड्डा दिसतो, कचऱ्याचा ढीग दिसतो. त्याखाली शंभर माणसं संतापून लिहितात आणि यंत्रणा हलते. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावातला कमी दाब दिसत नाही. रखडलेला फेरफारही दिसत नाही. गोराई-मनोरीकडची पाण्याची ओरड जुनी आहे, पण कोरड्या नळाच्या फोटोत पाहण्यासारखं काय असतं? ज्याचे अनुयायी जास्त त्याचा खड्डा आधी बुजतो, असं व्हायला लागलं तर तक्रारींचा क्रम बदनामीच्या भीतीवर ठरतो, गरजेवर ठरत नाही.

आणि हद्द. गोराई-मनोरी मुंबई महापालिकेत. त्याच बेटावरचं उत्तन मीरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. गोराईला मुंबई पोलीस; उत्तनला २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. जेट्टी आणि फेरीबोटींचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाचा. खाडीकाठच्या तिवरांची जबाबदारी वनखात्याच्या २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाची. किनाऱ्याला लागणाऱ्या कचऱ्याला मात्र यातली एकही हद्द ठाऊक नसते. माणूस एका खात्याला टॅग करतो, ते म्हणतं हे आमच्याकडे येत नाही, कृपया अमक्यांना कळवा. कागदावर असं म्हणून हात झटकता येत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचं काम त्या कार्यालयाचंच आहे. कलम ६(३) तसं सांगतं. कोणता नाला कोणाचा, हे नागरिकाने शोधत बसायचं नाही, हे साधं तत्त्व २००५ च्या कायद्याला सुचलं. ते खात्यांच्या उत्तरांनाही लागू करायला काय हरकत आहे?

खातं कार्यालयाचं की साहेबांचं, हा प्रश्नही सोडवायला हवा. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांची समाजमाध्यमं सांभाळायला बाहेरची संस्था नेमण्याचा सुमारे सहा कोटी रुपयांचा शासन आदेश निघाला. टीका झाली आणि पवारांनी तो लगेच रद्द करायला लावला, हे बरं झालं. पण सार्वजनिक पैसा प्रतिमेवर खर्चायचा की उत्तरांवर, ही निवड त्या दोन दिवसांत स्पष्ट दिसली. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ रेल्वेमंत्री होते. प्रवाशाने गाडीतून ट्विट करावं आणि पुढच्या स्टेशनवर मदत उभी राहावी, असं त्यांच्या काळात घडलं आणि देशभर कौतुक झालं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते नंतरचं काम. ही मदत मंत्र्याच्या नावापासून सुटली आणि ‘रेल मदद’ या व्यवस्थेत आली. आज रेल्वेच्या सेवाखात्याला लिहिलं की तक्रार तिथे नोंदवली जाते आणि क्रमांक हाती येतो. म्हणजे पोस्टला पोच देणं शक्य आहे.

शिवाय ही सारी देवघेव परक्या खाजगी कंपनीच्या आवारात चालते. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने ट्विटरवर सेवेच्या सूचना देणं थांबवलं, कारण कंपनी त्यासाठी पैसे मागू लागली होती. कंपनीने माघार घेतल्यावर आठवड्याभरात सूचना पुन्हा सुरू झाल्या. उद्या जुन्या पोस्ट पुसल्या गेल्या तर आपल्या विभागाकडे त्यांची प्रत आहे का? केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या व्याख्येत संगणकाने तयार झालेलं साहित्यही बसतं. नागरिकाने विचारलं आणि कार्यालयाने उत्तर दिलं, तो अभिलेखच आहे.

आता महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले आहेत. त्यांनी एवढं करून घ्यावं: विभागाच्या खात्यावर आलेली प्रत्येक तक्रार लेखी अर्जांच्याच आवक नोंदवहीत चढावी, तिचा क्रमांक पोस्टखाली त्याच दिवशी मराठीत मिळावा, आणि दुसऱ्या खात्याचा विषय असेल तर विभागानेच तो पुढे पाठवावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) म्हणतं की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने पोचवावी; मार्गांच्या यादीत सूचनाफलक पहिला आहे, इंटरनेट नंतर. गोराईत सर्वांच्या नजरेस पडणारी जागा म्हणजे जेट्टी. महिन्याभरात गावातून किती तक्रारी आल्या, कोणत्या क्रमांकाच्या मिटल्या, कोणत्या कोणाकडे अडल्या, याचा कागद तिथे लावायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. नोंदवही मात्र आधी भरावी लागेल.