पहारा आणि विश्वास

लष्करात आमच्या गल्लीत गेल्या वर्षी दोन घरफोड्या झाल्या. दोन्ही घरे जुन्या मराठी कुटुंबांची आणि दोन्ही वेळी घरातील माणसे परगावी मुलांकडे गेलेली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या या वस्तीत एकेकाळी अनोळखी मनुष्य गल्लीच्या तोंडाशी आला, की दहा ओट्यांवरून त्याला ‘कोणाकडे?’ असा प्रश्न येत असे. आज त्यांतील काही ओट्यांवर दुकाने आली आहेत आणि काहींच्या मागच्या दारांना कुलपे लागली आहेत. पुण्याहून मुलाने फोनवर आग्रह धरला, की आता घराला कॅमेरे बसवून घ्याच. मीही फारशी खळखळ न करता होकार दिला. त्या होकारातून जे प्रश्न पुढे उभे राहिले, ते केवळ माझ्या घरचे नसावेत असे वाटल्यावरून हे विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

कॅमेऱ्यांच्या निवडीत मुख्यतः तीन मार्ग आढळले. पहिल्यात प्रत्येक कॅमेऱ्यापासून निघालेली कोॲक्सियल केबल डीव्हीआर नावाच्या पेटीला जोडतात आणि चित्राची नोंद त्या पेटीत तयार होते. दुसऱ्यात कॅमेरा स्वतःच अंकरूप चित्र तयार करून नेटवर्कच्या केबलीने एनव्हीआरकडे पाठवितो; पुष्कळदा त्याच केबलीतून त्याला वीजही मिळते. तिसरा मार्ग वायफायवर चालणाऱ्या सुट्या कॅमेऱ्याचा. त्याचे चित्रण कॅमेऱ्यातील कार्डावर, किंवा वर्गणी भरल्यास कंपनीच्या दूरच्या संगणकांवर साठते. चोराने पेटीच उचलून नेली, तर दूर साठविलेला पुरावा वाचतो, हे तंत्रज्ञाचे म्हणणे खरेच आहे. तरीही घरातले चित्र घरातच राहावे म्हणून मी पहिला मार्ग स्वीकारला. पेटी दर्शनी खोलीत न ठेवता माडीवरच्या कुलपाच्या कपाटात, हवा खेळेल अशा बेताने ठेवविली आणि वीज गेली तरी नोंद चालू राहावी म्हणून तिला इन्व्हर्टरची जोडणी दिली.

त्यानंतर हार्ड डिस्क किती मोठी घ्यायची, हा प्रश्न आला. वरवर पाहता तो गणिताचा आहे. 2 मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याने सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने अखंड नोंद केली, तर दिवसाच्या 86,400 सेकंदांत ती सुमारे 21.6 गिगाबाइट जागा व्यापते. चार कॅमेऱ्यांना दिवसाला 86 गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. म्हणजे 1 टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. भरल्यावर यंत्र थांबत नाही. सर्वांत जुना दिवस पुसून ते त्या जागी नवा दिवस लिहिते. ‘जितने दिन ज़्यादा, उतना अच्छा,’ असे तंत्रज्ञ सहज म्हणाला. 1 टेराबाइटवरच भागविले, ते केवळ खर्चाकडे पाहून. दारात झालेले बापलेकांचे भांडण किंवा उसने मागायला आलेल्या शेजाऱ्याचा पडलेला चेहरा किती दिवस जपून ठेवावा, हा प्रश्न त्या वेळी मला सुचलाच नाही.

कॅमेरे कोठे लावावेत, याचा विचारही मी तंत्रज्ञावरच सोपविला. वास्तविक जुन्या वाड्याची रचना याबाबतीत फार शहाणी असते. अनोळखी मनुष्य देवडीपर्यंत येतो, ओळखीचा ओसरीवर बसतो, आप्त माजघरात जातात आणि स्वयंपाकघर व देवघर यांचा उंबरा त्याहून मोजकी माणसे ओलांडतात. नजर कोठे थांबावी हे त्या भिंतींनीच ठरवून दिलेले होते. तंत्रज्ञाने मात्र एक कॅमेरा दिंडी दरवाजावर, दुसरा मागच्या बोळाकडे, तिसरा चौकात आणि चौथा स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत सुचविला. चौथ्याचे कारण त्याने आवाज खाली आणून सांगितले, ‘कामवाली पर नज़र रहेगी.’ मी नाही म्हणालो नाही. या साऱ्या प्रकरणात माझी चूक कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना यंदा बावीस वर्षे झाली. आम्ही गावी गेलो, की घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. पडवीतला कॅमेरा पाहून त्यांनी विचारले, ‘बाबूजी, यह हमारे लिए लगा है क्या?’ ‘नहीं, चोरों के लिए,’ असे मी उत्तर दिले. त्या काही बोलल्या नाहीत. पण सकाळची कामे आटोपल्यावर पडवीत भिंतीला टेकून, पाय पसरून चहा घेण्याचा त्यांचा बावीस वर्षांचा परिपाठ दुसऱ्या दिवसापासून मोडला. चहाचा कप घेऊन त्या मागच्या दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसू लागल्या. तेथे कॅमेरा पोहोचत नव्हता.

पुढे आमचीही पाळी आली. मुलाच्या मोबाइलवर चारही चित्रे दिसत. ‘बाबा, आज दुपारी गोळी न घेताच झोपलात का?’ ‘आई, तू चौकात भिंत धरून का चालत होतीस?’ असे फोन येऊ लागले. त्यात केवळ माया होती, हे मी शपथेवर सांगेन. तरीही तुळशीला पाणी घालताना पत्नी पदर सावरून, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहू लागली. एके दिवशी ती म्हणाली, ‘अहो, आपण आपल्या घरात आहोत की कोणाच्या ओसरीवर?’ आणि मधुमेही असूनही डब्यातला एखादा पेढा उचलताना माझीही नजर आपोआप वर जाऊ लागली. तेव्हा कोठे बाई मागच्या पायरीवर का जाऊन बसतात, हे मला कळले.

ज्याला लपवायचे काही नाही त्याने पाहिले जाण्याचे भय का बाळगावे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात एकांत आणि लपवाछपवी यांची गल्लत आहे. माणूस घरात स्वतःशी पुटपुटतो, जुनी आठवण येऊन रडतो, थकून पाय पसरतो. यात पाप काहीच नसते; पण ते दुसऱ्यासाठी केलेले नसते. कोणी पाहत आहे हे कळताच तेच कृत्य थोडेसे नाटक बनते. दिवसभर असे नाटक करावे लागणाऱ्या माणसाला विसावा उरत नाही, आणि विसावा नसेल तर घर आणि धर्मशाळा यांत फरक तो काय राहिला?

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. विश्वास ठेवणे म्हणजे फसविले जाण्याची शक्यता पत्करणे. किल्ल्या हातात देऊन आम्ही गावी जात होतो, तेव्हा बाईंना प्रामाणिक राहण्याची संधी होती आणि त्या प्रामाणिक राहिल्या. त्याचे श्रेय सर्वस्वी त्यांचे होते. अखंड पहाऱ्याखालचा प्रामाणिकपणा कोणाच्या खात्यावर जमा करावा? त्यांच्या की यंत्राच्या? पडवीत कॅमेरा लावून मी त्यांच्यावर आरोप केला नव्हता, हे खरे. पण बावीस वर्षे जमविलेले त्यांचे श्रेय मी न विचारता काढून घेतले.

याला एक सबळ उत्तर आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरात एखादी चांदीची वाटी हरवली, की पहिला संशय कामकरी माणसावर येतो. पुढे वाटी फडताळामागे सापडते, पण तोवर त्या माणसाची अब्रू गेलेली असते. अशा वेळी चित्रण हाच त्याचा साक्षीदार ठरू शकतो. हे मला मान्य आहे. मात्र हा साक्षीदार मालकाच्या कपाटात बंद असतो आणि मालकाने बोलाविले तरच साक्ष देतो. ज्याच्या बचावासाठी तो ठेवला असे आपण म्हणतो, त्याला तो मागता येत नसेल, तर बचावाची ही भाषा आपण स्वतःच्या समाधानासाठीच वापरतो.

घराच्या कॅमेऱ्याची नजर घरापुरतीच राहते, असेही नाही. चेक प्रजासत्ताकात एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या अज्ञात लोक पुनःपुन्हा फोडीत असत. त्याने वळचणीखाली कॅमेरा लावला. ऑक्टोबर 2007 मध्ये गलोलीने पुन्हा काच फोडली गेली तेव्हा चित्रणावरून दोन संशयित सापडले. त्यांतील एकाने चित्रणाच्या कायदेशीरपणालाच आव्हान दिले, कारण त्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता आणि समोरच्या घराचे दारही दिसत होते. युरोपीय न्यायालयाने 11 डिसेंबर 2014 रोजी निर्णय दिला, की रस्त्यापर्यंत पोहोचणारे असे चित्रण निव्वळ घरगुती बाब मानता येत नाही. मात्र घर आणि कुटुंब यांच्या रक्षणाचा मालकाचा न्याय्य हेतूही विचारात घेता येतो. काच फुटलेल्याचे दुःख खरे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याचा हक्कही खरा, असा तो दुहेरी विचार आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. 2023 साली वैयक्तिक अंकरूप माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. घराच्या उंबऱ्याशी कायदा बव्हंशी थांबतो, आणि म्हणूनच तेथून पुढची जबाबदारी गृहस्थाच्या सद्सद्विवेकावर येते.

पूर्वीच्या देवडीवरचा पहारेकरी पाहत असे आणि विसरतही असे. रात्री उशिरा परतलेला घरचा मुलगा त्याला दिसे, पण दुसऱ्या दिवशी तो त्याची उजळणी कोणापुढे करीत नसे. विसरण्याच्या या सौजन्यावर एकत्र राहणे पुष्कळसे अवलंबून असते. सर्व काही टिपणारी वही आपल्या परंपरेने चित्रगुप्ताच्या हाती दिली आणि तिचे वाचन मरणोत्तर ठेवले. चहा पिताना, करमणूक म्हणून दुसऱ्याची वही चाळण्याचा अधिकार कोणा माणसाला दिलेला नाही.

पत्नीशी आणि मुलाशी बोलून आम्ही व्यवस्था बदलली. पडवीतला कॅमेरा काढला. चौकातला गच्चीच्या जिन्याकडे वळविला, कारण चोर येईल तो तेथूनच. बोळाकडच्या चित्रात शेजाऱ्यांची खिडकी येत होती. तेवढा भाग काळा करण्याची सोय यंत्रात होती, ती वापरली. आवाजाची नोंद बंद केली. तंत्रज्ञाने कारखान्याचाच ठेवलेला पासवर्ड बदलला, कारण तो तसाच ठेवणे म्हणजे घराची खिडकी परक्यांसाठी उघडी ठेवणे होय. तीन कॅमेऱ्यांत तीच डिस्क सुमारे पंधरा दिवस पुरते. तेवढे पुरे, असे ठरले. काही घडल्याखेरीज चित्रण उघडायचे नाही आणि उघडल्यास दोघांनी मिळून पाहायचे, हा नियम केला. घर बंद असेल तेव्हाच मुलाने पाहावे, असेही ठरले. दारावर पाटी लावली आणि शेजाऱ्यांना व बाईंना सारे सांगितले.

या निर्णयाची किंमत आहे, हे मी जाणतो. उद्या पत्नी चौकात घसरून पडली, तर पुण्यात मुलाला ते दिसणार नाही. हे त्यालाही जड गेले. आता तो सकाळ-संध्याकाळ फोन करतो. पूर्वी तो पाहत असे, आता विचारतो. आणि विचारल्यावर किती सांगायचे हे आमच्या हाती राहते. ज्या नजरेसमोर आपण स्वतः दिवसभर निःसंकोच बसू शकत नाही, ती दुसऱ्यावर रोखू नये, एवढी साधी कसोटी मला या अनुभवातून मिळाली. कॅमेरे लावण्याच्या विचारात असलेल्या वाचकांनी ती अवश्य वापरून पाहावी, आणि भिंतीला भोके पाडण्यापूर्वी वापरावी. बाई मात्र अजूनही मागच्या पायरीवरच चहा घेतात. पडवीत या, असे मी दोनदा सांगून पाहिले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘यहीं ठीक है, बाबूजी.’